कावासाकी रोगातील रक्तबदल

प्रतिरक्षा यंत्रणेच्या (रोगप्रतिकारक यंत्रणेच्या) अतिरेकी प्रतिक्रियेमुळे लहान मुलांच्या मध्यम आकारमानाच्या रोहिण्यांना शोथ (दाहयुक्त सूज) आणणारा रोग. जपानी बालरोगतज्ञ तोमिसाकू कावासाकी (१९२५–२०२०) यांना त्याचा पहिला रुग्ण १९६१ मध्ये आढळला व १९६७ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ कारण अज्ञात असून रोग निश्चित ठरविणारी एकही रक्तपरीक्षा नाही. पाच वा अधिक दिवसांचा ज्वर, लाल डोळे व ओठ, पुरळ, हातापायांची सूज आणि मानेतील लसीका ग्रंथींची वाढ यांवरून निदान करतात.

रक्तातील सर्वांत लक्षवेधक बदल बिंबाणूंचा होय. त्यांची संख्या दुसऱ्या आठवड्यात वाढू लागते, तिसऱ्यात कमाल होते व कधीकधी दर घ. मिमी.ला १० लाखांवर जाते. मात्र ही खूण उशिरा उमटते. उपचार न झाल्यास सु. २५% मुलांत हृद्‌रोहिणीवर (हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिणीवर) फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेवाटे प्रतिरक्षा ग्लोब्युलीन दिल्यास हे प्रमाण सु. ४ टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्या आठवड्यात बिंबाणू प्राकृत आढळले, एवढ्यावरून रोग नाही असे समजणे धोक्याचे ठरते. याउलट प्रारंभीच त्यांची संख्या घटलेली असणे ही गंभीर रोगाची सूचना असते.

तांबड्या कोशिकांच्या अवसादन गतीचा (रक्तनमुन्यात खाली बसण्याच्या वेगाचा) अर्थही जपून लावावा लागतो. फायब्रिनोजेन वाढले की या कोशिका एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात, त्यामुळे या रोगात गती पुष्कळ वाढते. परंतु महाभक्षी कोशिका बेफाम उद्दीपित होण्याचा उपद्रव झाल्यास फायब्रिनोजेन खर्ची पडून ती एकाएकी उतरते. ज्वर कायम असताना झालेली ही घट सुधारणेसारखी दिसते, पण वस्तुतः ती प्राणसंकटाची खूण असते. प्रतिरक्षा ग्लोब्युलिनामुळेही गती वाढते, त्यामुळे उपचारानंतर सी-प्रतिक्रियाशील प्रथिनाचे मापन अधिक विश्वसनीय असते.

याशिवाय पांडुरोग, श्वेत कोशिकांची वाढ, अल्ब्युमीन व सोडियम यांची घट आणि यकृत-एंझाइमांची वाढ आढळते. सहा महिन्यांखालील अर्भकांत बाह्य लक्षणे अनेकदा अपुरी असतात आणि हृद्‌रोहिणीला धोका मात्र अधिक असतो. त्यांच्यात हे रक्तबदल व हृदयाचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांच्या आधारेच उपचाराचा निर्णय घ्यावा लागतो.