अरब देशांचा युवा फुटबॉल चषक

अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावरील मोरोक्को आणि मॉरितानियापासून अरबी समुद्राकाठच्या ओमानपर्यंत पसरलेल्या अरब जगाला एका भाषेने जोडलेले असले, तरी फुटबॉलच्या कारभारात हे जग दोन खंडांत वाटले गेले आहे. फिफा या जागतिक संघटनेच्या रचनेत प्रत्येक देश आपापल्या खंडाच्या महासंघात मोडतो. त्यामुळे सौदी अरेबिया, इराक, जॉर्डन, येमेन, पॅलेस्टाईन आदी बारा संघ आशियाई महासंघात, तर इजिप्त, ट्युनिशिया, अल्जेरिया, सुदान, सोमालिया आदी दहा संघ आफ्रिकी महासंघात खेळतात. विश्वचषकाची पात्रता फेरीही खंडनिहाय होत असल्याने इराकी आणि ट्युनिशियाई खेळाडू एखाद्या अधिकृत स्पर्धेत परस्परांसमोर उभे राहण्याची संधी मुळातच कमी, आणि वीस वर्षांखालील मुलांच्या वाट्याला तर ती जवळजवळ येतच नाही. ही उणीव भरून काढणे हेच अरब युवा चषकाचे खरे प्रयोजन असून त्याचे मोल विजेत्यांच्या यादीवरून ठरवू नये.

या बावीस संघटनांचा मिळून एक अरब फुटबॉल महासंघ आहे. त्याची स्थापना 1974 मध्ये लिबियातील त्रिपोली येथे झाली आणि पुढे त्याचे मुख्यालय रियाध येथे गेले. अरब राष्ट्रांच्या मुख्य संघांचा चषक मात्र त्याहून जुना, 1963 मध्ये बैरूतला सुरू झालेला. तो पहिला चषक ट्युनिशियाने जिंकला. त्या मानाने आजच्या स्वरूपातील युवा चषक बराच अलीकडचा आहे. वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील अशा दोन वयोगटांत तो 2011 पासून खेळवला जाऊ लागला. परंतु ठरलेल्या अंतराने भरण्याची शिस्त त्याला लाभली नाही. वीस वर्षांखालील गटात 2012 नंतरची पुढची स्पर्धा थेट 2020 मध्ये झाली, म्हणजे मधल्या काळात खेळाडूंची एक अख्खी पिढी हा चषक न खेळताच वयोगटाबाहेर गेली.

वयोगटाची अट येथे केवळ औपचारिक नसते. स्पर्धेसाठी जन्मतारखेची एक मर्यादा ठरवली जाते. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या खेळाडूंनाच स्पर्धेत खेळता येते. सतरा वर्षांखालील गटात वय पडताळण्यासाठी फिफाने 2009 च्या विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. मनगटाजवळच्या हाडात वाढीची एक पट्टी असते, ती वयाबरोबर हळूहळू भरून येते आणि सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी ती पूर्णपणे भरून आलेली असणे फार विरळ असते, या वैद्यकीय निरीक्षणावर ही तपासणी उभी आहे. वीस वर्षांखालील गटाला मात्र तिचा उपयोग होत नाही, कारण त्या वयापर्यंत बहुतेकांची ही पट्टी भरलेली असते. तेथे जन्माच्या कागदपत्रांवरच विसंबावे लागते.

या चषकाचे गुण आणि दुखणी 2022 साली एकाच उन्हाळ्यात दिसून आली. वीस वर्षांखालील स्पर्धा जुलै आणि ऑगस्टमध्ये सौदी अरेबियातील अबहा येथे झाली. आखाती उन्हाळ्यात फुटबॉल खेळवणे ही खेळाडूंच्या शरीराची परीक्षाच ठरते. परंतु असीर प्रांतातील हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सुसह्य राहते. आदल्या वर्षी कैरोमध्ये अल्जेरियाला हरवून विजेता ठरलेल्या सौदी संघाने या वेळी इजिप्तवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून चषक राखला.

त्यानंतर काही आठवड्यांतच अल्जेरियात सतरा वर्षांखालील स्पर्धा भरली आणि 8 सप्टेंबर रोजी पश्चिम अल्जेरियातील सिग येथे अंतिम सामन्यात यजमान संघासमोर मोरोक्को उभा राहिला. या दोन शेजाऱ्यांमधील जमिनीवरची सीमा 1994 पासून बंद आहे, ऑगस्ट 2021 मध्ये अल्जेरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले होते आणि त्यापाठोपाठ मोरोक्कोच्या विमानांना आपले आकाशही बंद केले होते. अशा परिस्थितीत सतरा वर्षांखालील मुले एकाच मैदानावर उतरली, हीच मोठी गोष्ट होती. सामना बरोबरीत सुटल्यावर अल्जेरियाने पेनल्टी शूटआउटमध्ये तो जिंकला. पण त्यानंतर मैदानात शिरलेल्यांकडून मोरोक्कोच्या मुलांना धक्काबुक्की आणि मारहाण झाली. मोठ्यांच्या वैराची किंमत मुलांनी मोजावी, याचे समर्थन कोणत्याही क्रीडाभिमानाने होऊ शकत नाही. मुलांना परस्परांसमोर आणणाऱ्या स्पर्धेने शेवटच्या शिट्टीनंतरही त्यांच्या सुरक्षिततेची हमी घ्यायला हवी, आणि सिगमध्ये नेमके तेच झाले नाही.

स्पर्धेची दुसरी अडचण फारशी चर्चिली जात नाही. मुख्य राष्ट्रीय संघाच्या ठरलेल्या सामन्यांसाठी क्लबांना आपले खेळाडू सोडावेच लागतात, परंतु युवा संघांच्या बाबतीत फिफाच्या नियमांत अशी सक्ती नाही. युरोपातील अकादमींत वाढणारे अल्जेरियाई, मोरोक्कन किंवा ट्युनिशियाई वंशाचे खेळाडू त्यामुळे पुष्कळदा क्लबच्या मर्जीवर अवलंबून राहतात. या अडचणींच्या उलट निमंत्रित संघांची प्रथा आहे. तिच्यामुळे स्पर्धेचा दर्जा वाढतो, हे 2020 साली दिसले: अरब महासंघाचा सदस्य नसलेल्या सेनेगलने पाहुणा म्हणून येऊन अंतिम सामन्यात ट्युनिशियाला हरवले आणि चषक नेला.

अरब देशांच्या युवा फुटबॉलकडे गुणवत्तेची वाण कधीच नव्हती. सौदी अरेबियाने 1989 मध्ये स्कॉटलंडमध्ये यजमानांना हरवून सोळा वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवले होते. भारतीय प्रेक्षकांना जवळचे उदाहरण इराकचे: 2016 मध्ये गोव्यात झालेली सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा इराकी मुलांनी इराणला शूटआउटमध्ये नमवून जिंकली आणि पुढल्या वर्षी भारतातील सतरा वर्षांखालील विश्वचषकात त्याच पिढीचा प्रवास मडगावच्या फातोर्डा मैदानावर मालीविरुद्ध थांबला. मोरोक्कोने 2009 मध्ये राबातजवळील साले येथे राजे मोहम्मद सहावे यांच्या नावाची अकादमी उभारली आणि मुलांना शिक्षण, निवास व प्रशिक्षण एकाच ठिकाणी देण्याची व्यवस्था केली. अशा दीर्घकालीन गुंतवणुकीनंतर ऑक्टोबर 2025 मध्ये चिलीत अर्जेंटिनाला 2–0 असे हरवून वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा मोरोक्को पहिला अरब देश ठरला. कतारमधील दोहा येथील ॲस्पायर अकादमीचे खेळाडूही 2019 च्या आशियाई चषक विजयात अग्रभागी होते.

मात्र साले किंवा दोहा येथील सोयी जिबूती, कोमोरोस, सोमालिया किंवा युद्धाने पोखरलेल्या येमेनच्या मुलांना कोठून मिळणार? त्यांच्यासाठी अरब चषक ही परदेशी मैदानावर खेळण्याच्या मोजक्या संधींपैकी एक असते. म्हणून सामन्यांची रचना हा प्रश्न दिसतो तेवढा तांत्रिक नाही. अबहा येथे अठरा संघांचे प्रत्येकी तीन संघांच्या सहा गटांत विभाजन झाले होते. अशा साखळी फेरीत पुढे न जाणाऱ्या संघाला केवळ दोन सामने मिळतात आणि दीर्घ प्रवास करून आलेला राखीव खेळाडू अनेकदा मैदानात न उतरताच परततो. चार संघांचे गट केले, किंवा बाद झालेल्या संघांसाठी क्रमवारीचे सामने ठेवले, तर खर्च थोडा वाढेल, परंतु प्रत्येक मुलाला निदान तीन-चार सामने लाभतील. त्याच्या जोडीला दर दोन वर्षांची पक्की तारीख, तीही दोन्ही खंडांच्या पात्रता फेऱ्यांच्या आधीची, जाहीर झाली, तर लहान संघटनांच्या प्रशिक्षकांना तयारीचे वेळापत्रक आखता येईल आणि 2012 नंतर पडला तसा आठ वर्षांचा खंड पुन्हा पडणार नाही.