विशेष मुलांच्या हालचाली समजून घेताना

रविवारच्या मिस्साला एखादे मूल बाकावर बसून सतत पुढेमागे झुलते, डोळ्यांसमोर बोटे नाचवते किंवा दोन्ही कान झाकून एकाच सुरात गुणगुणते. मागे कुजबूज सुरू होते, ‘आईबापांनी वळण लावलेले नाही.’ पुढे ते कुटुंब मिस्साला येईनासे होते. आपल्या धर्मग्रामांत असे घडते आणि त्यामागे बहुधा दुष्टपणा नसून अज्ञान असते. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

या हालचाली मुख्यत्वे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत दिसतात. बौद्धिक विकास मंदावलेली व दृष्टिहीन मुलेही असे करतात. अशा अनेक मुलांच्या मेंदूला आवाज, प्रकाश, स्पर्श व वास यांची चाळणी आपल्यासारखी करता येत नाही. ध्वनिक्षेपक, गायनवृंद, घंटा, पंख्यांची घरघर, धूप आणि खेटून बसलेली माणसे हे सारे त्यांच्यावर एकाच वेळी कोसळते. अशा वेळी स्वतःच्या शरीराची एकसारखी लय ही त्यांच्या ताब्यातील एकमेव गोष्ट असते. पुढचा झोका कधी येणार हे त्यांना ठाऊक असते आणि त्या निश्चिततेतून मन स्थिरावते. तान्ह्या बाळाला आपण पाळण्यात झुलवतो, ते याच कारणाने. परीक्षेच्या वेळी पाय हलवणारे आपणही फार वेगळे नाही. आपल्या हालचाली लोकांच्या नजरेत भरत नाहीत, इतकेच. काही वेळा हे झुलणे निखळ आनंदाचेही असते, हे विसरू नये.

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे अनेक दशके या हालचाली मोडून काढण्याकडेच कल राहिला. १९६०च्या दशकात तेथे त्यासाठी काही मुलांना विजेचे झटकेही देण्यात आले. आज ती दृष्टी पालटली आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न प्रौढांनीच सांगितले की, या हालचाली त्यांना शांत करतात आणि त्या बळजबरीने थांबवल्या जाऊ नयेत. हात धरून मुलाला स्थिर बसवले, तर त्याचा ताण वाढतो आणि रडण्या-ओरडण्याच्या रूपाने बाहेर पडतो. मग पुन्हा दोष आईच्याच माथी!

मात्र मूल डोके आपटत असेल, स्वतःचा हात चावत असेल किंवा डोळ्यांत बोटे दाबत असेल, तर दुर्लक्ष करू नये. बोलू न शकणाऱ्या मुलाचे दात, कान वा पोट दुखत असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे. हालचालीच्या वेळी मूल हाकेला अजिबात प्रतिसाद देत नसेल, तर ती फिट नाही ना, याचीही तपासणी व्हावी. नजर लागल्याचे समजून उतारे करण्यात वेळ दवडू नये. ऑक्युपेशनल थेरपिस्ट इजा न करणारे पर्याय शिकवतात.

२८ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या जाहीर भेटीच्या वेळी, बोलू न शकणारा एक लहान मुलगा थेट मंचावर गेला व खेळू लागला. आई त्याला न्यायला आली, तेव्हा पोपमहोदयांनी त्याला तेथेच खेळू देण्यास सांगितले. एवढी मोकळीक आपल्या चर्चमध्ये शक्य आहे का, याचा विचार धर्मगुरू व पॅरिश कौन्सिलने जरूर करावा.

पालकांनी दाराजवळचा, कडेचा बाक निवडावा, म्हणजे गरज पडल्यास बाहेर जाता येते. ध्वनिक्षेपकापासून दूर बसावे, कमी गर्दीच्या मिस्साला यावे, मुलाच्या हाती आवडीची मऊ वस्तू किंवा जपमाळ द्यावी. धर्मशिक्षण देणाऱ्यांना मुलाची सवय आधीच सांगावी. झुलणारे मूल ऐकत नाही, असे त्यांनी धरून चालू नये, कित्येकदा ते झुलते म्हणूनच ऐकू शकते. इतरांनी वळून पाहू नये. शांतीचे चिन्ह हात जोडून देण्याची आपली पद्धत या मुलांना सोयीची आहे. कौतुकाने गाल ओढणे मात्र टाळावे.