कांद्याच्या वाफ्यातली घोळ अंगणात आणा

कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरकडे निघाले की वाटेत डिंगोरे लागते. इथले अंगण वर्षातून दोनदा त्रास देते. पावसाळ्यात उताराची माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात धूळ उडते. फुलझाडे लावावीत तर मे महिन्यात त्यांना पाणी कुठून घालायचे?

यावरचा एक उपाय आपण रोज उपटून फेकतो. कांद्याच्या वाफ्यात लालसर देठांची, जाड गुळगुळीत पानांची घोळ जमिनीलगत पसरते. खुरपून तिथेच टाकली, तर ओल मिळताच तिचे तुकडे पुन्हा मूळ धरतात. शेतात हा चिवटपणा डोकेदुखी ठरतो, अंगणात मात्र तोच कामाला येतो.

घोळ पाने व देठांत पाणी साठवते. पाण्याची टंचाई झाली की ती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते आणि रात्री हवा आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते. म्हणून ताण पडलेली घोळ सकाळी खुडली तर जास्त आंबट लागते. जमीन झाकली गेल्याने ओल टिकते, धूळ कमी उडते आणि पावसाचा मारा थेट मातीवर बसत नाही.

लावायला सोपी आहे. चार बोटे लांबीचे शेंडे मातीत खोचा आणि मूळ धरेपर्यंत हलके पाणी द्या. पुढे वजूचे पाणी एका घमेल्यात धरून आठवड्यातून एक-दोनदा घातले तरी पुरते. साबणाचे पाणी मात्र नको. फुले हवी असतील तर तिचीच बहीण ‘ऑफिस टाइम’ लावा. ऊन चढले की ती उमलते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाणी साचले तर ही झाडे कुजतात. डिंगोऱ्याकडच्या पावसात ती उंचवट्यावरच लावा. कुंडीत दोन भाग मातीला एक भाग मुरूम किंवा बारीक खडी मिसळा. दुसरी, मुळे वरवर असल्याने उभा उतार ती धरून ठेवत नाहीत. तिथे दगडी ताल घाला किंवा वाळा लावा. तिसरी, घोळीचे बी फार पडते. फुलण्याआधी शेंडे खुडत राहा, आणि उपटलेली घोळ शेतात टाकू नका.

खुडलेले शेंडे वाया जात नाहीत. आपल्याकडे अनेक घरांत घोळीला ‘कुलफा’ म्हणतात. मसुरीच्या डाळीत लसणाची फोडणी देऊन किंवा गोश्तात घालून ती शिजवतात. तिच्यात पालेभाज्यांत सहसा कमी आढळणारे ओमेगा-३ चांगल्या प्रमाणात असते. पण ऑक्झॅलिक आम्लही भरपूर असते. म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. दह्याबरोबर खाल्ल्यास हे आम्ल शरीरात कमी शोषले जाते.

मुलांना भाजी खुडायला पाठवण्याआधी एक खूण शिकवा. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, खायची नाही. तणनाशक फवारलेल्या शेतातलीही घेऊ नका. खात्रीची घोळ आपल्या अंगणातलीच!