बांध आणि अंदाजपत्रक

समुद्र, पाऊस आणि ऊन यांवर निसर्गाची सत्ता. तेथे मनुष्याचे काय चालणार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हवामानबदलाविषयी वृत्तपत्रांतून वाचताना हा समज अधिकच दृढ होतो. कारण तो विषय दूरदेशीच्या परिषदांचा आणि बड्या राष्ट्रांच्या करारांचा म्हणून आपल्यापुढे येतो. परंतु ज्या गोमंतभूमीत आपण राहतो, तिचा बराच मोठा भाग मनुष्याने स्वतःच्या हातांनी खाऱ्या पाण्यातून वर काढलेला आहे आणि शतकानुशतके तो राखण्याचे काम गावानेच केले आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथे गावापासूनच करू इच्छितो.

मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या मुखाकडील सखल भागात जी खाजन शेती आहे, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी इत्यादी तालुक्यांत मिळून अशी जमीन सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर भरते. यांतील पुष्कळशी शेते भरतीच्या पातळीहून खालीच आहेत. चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध घालून पूर्वजांनी नदीचे पाणी बाहेर रोखले, आणि त्या बांधात मानस बसविली. मानशीची रचना साधी, पण मोठी चतुर आहे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिचे लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. येथे यंत्र नाही, वीज नाही. चंद्राच्या गतीवरच सारा व्यवहार चालतो. अशा शेतांत कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते, मानशीपाशी मासळी मिळते, आणि कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकते.

आता हवामानबदलाचा येथे संबंध काय, ते पाहू. कोळसा आणि खनिज तेल यांच्या ज्वलनाने वातावरणात कार्बन डायऑक्साइड वायू वाढत चालला आहे. तो उष्णता अडवून धरतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या वितळून समुद्रास मिळतात. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. आणि २००६ ते २०१८ या वर्षांत तर ही वाढ दरवर्षी सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने झाली.

वीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक वीत. तेवढ्याने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. परंतु बांधाची उंची कशी ठरते, याचा विचार करावा. उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर चढते, त्याहून थोडी अधिक उंची ठेवून बांध घातलेला असतो. ही थोडी अधिक उंची हीच गावाची सारी शिल्लक. समुद्र वीतभर चढला की शिल्लक वीतभर कमी झाली. त्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, मुसळधार पाऊस आणि वादळी वारा एकाच वेळी आला, तर पाणी बांधावरून वाहू लागते, आणि मातीच्या बांधावरून वाहू लागलेले पाणी त्यास कापीतच जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वाऱ्यापावसाचे बळ किती असते, ते सर्वांनी अनुभविले आहे.

एकदा बांध फुटला की हानी त्या दिवसापुरती राहात नाही. शेतात मुरलेले मीठ धुऊन जाण्यास कित्येक पावसाळे लागतात. जवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होण्याचा धोका असतो. शेत पडीक राहिले की त्यात खारफुटी माजते आणि ते पुन्हा लागवडीखाली आणणे दुर्घट होते. खारफुटी ही खरोखर गावाची मित्र आहे. ती लाटांचा जोर मोडते आणि आपल्या मुळांखालच्या चिखलात कार्बन साठवून ठेवते. परंतु तिचे स्थान बांधाच्या बाहेरच्या अंगास. आतल्या अंगास नव्हे.

पूर्वी ही राखण कोण करीत असे? गावकरी, म्हणजेच पुढे ज्यांस कोमुनिदाद हे नाव पडले त्या ग्रामसंस्था. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने त्यांचे रीतिरिवाज लिहून काढले. यावरून त्या संस्था त्याहूनही जुन्या, हे उघड आहे. बांधाची देखभाल हे गावाचे सामाईक कर्तव्य मानले जाई आणि गावाच्या उत्पन्नातून त्यासाठी खर्च होई. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, ही न्यायाचीच गोष्ट झाली. पुढे बांधांचा भार कुळांच्या संघांकडे आला. परंतु शेती किफायतशीर राहिली नाही, तरुण नोकरीधंद्यास गेले, आणि अनेक ठिकाणी बांधाकडे पाहण्यास माणूस उरला नाही. मानशीतील मासेमारीच्या हक्काची पावणी होते. पण मासळीच्या लोभाने खारे पाणी अधिक काळ आत घेतले जाते, आणि शेताचे नुकसान होते.

ग्रामपंचायतीने यात काय करावे? १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय अकराव्या परिशिष्टात नमूद केले. त्यांत मृदसंधारण आहे, पाण्याचे व्यवस्थापन आहे आणि सामाजिक वनीकरणही आहे. विषय कागदावर आहेत. त्यांच्यामागे पैसा उभा राहिला पाहिजे. म्हणून आमचे सांगणे असे की, पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात बांध आणि मानस यांसाठी स्वतंत्र रक्कम असावी. राज्य सरकारने तीत आपली भर घालावी. पावणीच्या उत्पन्नाचा वाटा प्रथम दुरुस्तीस मिळावा. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बांधाची पाहणी होऊन तिची नोंद राहावी. आणि खाजनात मातीचा भराव घालण्यास परवानगी मिळू नये. खेकड्याने पाडलेले भोक आज टोपलीभर चिखलाने बुजते. तेच उद्या खिंडार झाले म्हणजे लाखो रुपये ओतावे लागतात.

जग तापविणारी राष्ट्रे वेगळीच. आपल्या पंचायतीने खर्च का करावा, असा एक आक्षेप आहे. धूर कमी करण्याचे उत्तरदायित्व बड्यांचे अधिक, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दुसऱ्याचा दोष सिद्ध झाल्याने आपला बांध उंच होत नाही. स्थानिक संस्थेने मनावर घेतले तर काय साधते, याचे उदाहरण अहमदाबादेत आहे. तेथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांस आढळले. तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता-कृती आराखडा आखला: आगाऊ सूचना, पिण्याच्या पाण्याची सोय, डॉक्टर व परिचारिकांस शिक्षण. ही कामे डोळे दिपविणारी नव्हेत. पण त्यामुळे वर्षाकाठी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज पुढील अभ्यासाने केला. मुंबई महानगरपालिकेनेही २०२४ मध्ये आपल्या अंदाजपत्रकातील कोणता खर्च हवामानाच्या कामी येतो, याचा स्वतंत्र अहवाल काढला. महानगरास जे करावेसे वाटले, ते गावास अशक्य का असावे?

विद्यार्थीमित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण शाळेत शिकतो. बांधाच्या बाबतीत तर ती अक्षरशः खरी आहे. अठरा वर्षांचे होताच तुम्ही ग्रामसभेचे सभासद होण्यास पात्र व्हाल. तोपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांना ग्रामसभेस जाण्याचा आग्रह करा, आणि यंदा बांधासाठी किती रक्कम ठेविली आहे, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावयास सांगा. उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ज्या गावात हा प्रश्न दरवर्षी विचारला जाईल, त्या गावचा बांध सहसा फुटणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.