एलिव्हेटर दूर गेला तेव्हा : कॅनडातील गहू उत्पादकांचा अनुभव

धान्य पिकविणे जितके कष्टाचे आहे, तितकेच ते योग्य वेळी व योग्य ठिकाणी नेऊन विकणे हेही जोखमीचे काम आहे. शेतापासून विक्रीच्या ठिकाणापर्यंतचे अंतर हा शेतकऱ्याच्या जमाखर्चातील एक मोठा आकडा असतो. परंतु तो वहीत स्वतंत्रपणे क्वचितच मांडला जातो. बाजारभाव घटला की त्याची चर्चा गावोगाव होते; अंतर वाढले तर मात्र ते निमूटपणे सोसले जाते. कॅनडाच्या पश्चिम भागातील गहू उत्पादकांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रसंग आला. तेथील हजारो धान्य-एलिव्हेटर एकामागून एक बंद पडले आणि जे उरले ते दूर अंतरावर उभारले गेले. त्याचा शेतकऱ्यांवर कोणता परिणाम झाला व त्यांनी त्यातून कसा मार्ग काढला, हे समजून घेणे आपल्याकडील शेतकरी बांधवांनाही उपयोगी पडेल.

एलिव्हेटर म्हणजे काय?

मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या तीन प्रांतांतील विस्तीर्ण सपाट मुलखास ‘प्रेअरी’ असे म्हणतात. येथे गव्हाची पेरणी मुख्यतः वसंत ऋतूत होते व कापणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येते. या प्रदेशापासून समुद्रकिनारा फार दूर आहे. गहू परदेशी पाठवावयाचा तर पश्चिमेस व्हँकूव्हर बंदर अथवा पूर्वेस सुपीरियर सरोवरावरील थंडर बे गाठावे लागते. एवढा लांबचा प्रवास आगगाडीवाचून होणे अशक्य. म्हणून शेतकऱ्याची गाडी आणि आगगाडीची वाघीण यांच्यामधील दुवा म्हणून एलिव्हेटर अस्तित्वात आला.

एलिव्हेटर म्हणजे केवळ कोठार नव्हे. तो धान्य तोलणारा, उचलणारा, वेगवेगळ्या कप्प्यांत साठविणारा आणि वाघिणीत भरणारा असा संपूर्ण कारखानाच असतो. शेतकऱ्याची गाडी आत येऊन काट्यावर उभी राहते. तिच्यातील गहू खालच्या खड्ड्यात ओततात. तेथून एका अखंड फिरणाऱ्या पट्ट्यावर बसविलेल्या डब्यांतून तो इमारतीच्या माथ्यापर्यंत चढतो आणि नळाच्या साह्याने हव्या त्या कप्प्यात सोडला जातो. रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाचे वजन कळते. जुने एलिव्हेटर लाकडी असत. फळ्या आडव्या एकावर एक ठोकून त्यांच्या भिंती रचलेल्या असत, कारण सुटे धान्य भिंतींवर मोठा दाब देते. भिंतीवर ठळक अक्षरांत गावाचे नाव रंगविलेले असे व ते कित्येक मैलांवरून दिसे.

अंतर कसे ठरले?

एलिव्हेटर कोठे उभारावा, हे प्रारंभी घोड्यांच्या शक्तीवरून ठरले. धान्याची गाडी घेऊन निघालेला शेतकरी माल टाकून त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, असा हिशेब होता. म्हणून लोहमार्गावर साधारणतः आठ-दहा मैलांच्या अंतराने स्थानके व त्यांच्या शेजारी एलिव्हेटर उभे राहिले. त्यांच्याभोवती दुकान, टपालकचेरी, शाळा व प्रार्थनामंदिर येऊन गाव वसले. १९३० नंतरच्या वर्षांत या प्रदेशातील एलिव्हेटरांची संख्या ५,७०० हून अधिक झाली होती. अनेक गावांत वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन, तीन किंवा चार एलिव्हेटर एका ओळीत असत.

तरीही जवळ एलिव्हेटर असणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे, हे शेतकऱ्यांना लवकरच कळून आले. आरंभी रेल्वे कंपनी एलिव्हेटरमधून येणाऱ्या मालालाच वाघिणी देई. त्यामुळे वजन, प्रत व भाव या तिन्ही बाबतींत एलिव्हेटरचालक सांगेल ते मान्य करावे लागे. या अडवणुकीतून १९०० साली मॅनिटोबा धान्य कायदा झाला आणि स्वतः वाघीण मागवून फलाटावरून भरण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. कायद्याची अंमलबजावणी होईना, तेव्हा डब्ल्यू. आर. मदरवेल यांच्या पुढाकाराने शेतकरी संघटित झाले. १९०२ मध्ये सिंटालूटा येथील खटल्यात वाघिणींच्या वाटपात कायदा मोडल्याबद्दल रेल्वेचा अधिकारी दोषी ठरला. पुढे शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. १९२४ साली स्थापन झालेल्या सस्कॅचेवान व्हीट पूल या संस्थेचे एलिव्हेटर लवकरच गावोगाव दिसू लागले.

एलिव्हेटर बंद का पडले?

याची कारणे एकाच वेळी निर्माण झाली नाहीत. पहिले कारण मोटारट्रक. घोड्यांना जे अंतर एका दिवसाचे होते, ते ट्रकला अर्ध्या तासाचे झाले. दुसरे कारण वाघिणी. पूर्वीच्या बंद डब्यांऐवजी तळातून रिकाम्या होणाऱ्या मोठ्या वाघिणी १९७० नंतर प्रचारात आल्या. अशा एका वाघिणीत सुमारे ९० टन गहू मावतो. हे वजन सोसण्याची ताकद हलक्या रुळांच्या कित्येक शाखामार्गांत नव्हती.

तिसरे कारण भाड्याचे. १८९७ च्या क्रोज नेस्ट करारान्वये धान्याचे रेल्वेभाडे अल्प दराने बांधलेले होते. खर्च वाढत गेला, भाडे मात्र तेच राहिले. त्यामुळे शाखामार्गांची दुरुस्ती रेल्वे कंपन्यांनी टाळली. १९८३ च्या कायद्याने ते दर रद्द झाले व सरकारने रेल्वेस अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. १९९५ मध्ये ते अनुदानही बंद झाले आणि पूर्ण भाडे शेतकऱ्याच्या वाट्यास आले. १९९६ च्या वाहतूक कायद्याने तोट्यातील मार्ग सोडून देणे रेल्वेस सोपे झाले. एकाच वेळी पन्नास किंवा शंभर वाघिणी भरणाऱ्या एलिव्हेटरला रेल्वे भाड्यात सूट देऊ लागली. गावातील लाकडी एलिव्हेटरला एवढा माल साठविणे शक्य नव्हते, आणि त्यापुढे तेवढे रूळही नव्हते. कंपन्यांनी मुख्य मार्गांवर काँक्रीटचे मोठे एलिव्हेटर बांधले व जुने पाडून टाकले. हजारोंची संख्या शेकड्यांवर आली.

खर्च कोणाकडे गेला?

या बदलामुळे धान्य हाताळण्याचा खर्च कमी झाला, असे सांगितले जाते. रेल्वेच्या व कंपनीच्या वहीपुरते ते खरे आहे. परंतु त्या खर्चाचा काही भाग नाहीसा न होता केवळ एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला. हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका शेतकऱ्याकडे ५०० टन गहू विक्रीस आहे व त्याचा ट्रक १० टनांचा आहे. एलिव्हेटर १० किलोमीटरवर असताना त्यास ५० खेपा, म्हणजे जाऊन येऊन १,००० किलोमीटर प्रवास करावा लागे. तो एलिव्हेटर बंद होऊन नवा ६० किलोमीटरवर झाला, तर त्याच ५० खेपांना ६,००० किलोमीटर पडतील. त्याच्या शेजाऱ्याकडे तेवढाच गहू, परंतु ४० टनांचा ट्रक असेल, तर त्यास १३ खेपांत १,५६० किलोमीटरमध्ये काम उरकता येईल. एलिव्हेटर दोघांनाही सारखाच दूर गेला; परंतु त्याचा भार दोघांवर सारखा पडला नाही. ज्याच्याजवळ मोठे वाहन घेण्याचे भांडवल होते तो तरला. लहान शेतकऱ्यास भाड्याने ट्रक लावावा लागला किंवा कर्ज काढून वाहन घ्यावे लागले.

दुसरा भार रस्त्यांवर पडला. जो माल रुळांवरून जात होता, तो ग्रामीण रस्त्यांवरून जाऊ लागला. वसंतात बर्फ वितळून रस्ते मऊ होतात तेव्हा अवजड वाहनांवर वजनाची मर्यादा घातली जाते. त्या दिवसांत भाव चांगला असला तरी भरलेला ट्रक बाहेर काढता येत नाही. रस्तादुरुस्तीचा खर्च स्थानिक संस्थांवर, म्हणजे पर्यायाने त्याच शेतकऱ्यांच्या करांवर पडला. एलिव्हेटरकडून गावास मिळणारा करही बुडाला.

तिसरा परिणाम पैशांत मोजता येत नाही. गावात तीन एलिव्हेटर असताना एकाने मालाची प्रत कमी ठरविली किंवा काडीकचऱ्याची वजावट जास्त धरली, तर शेतकरी आपली गाडी वळवून शेजारच्या एलिव्हेटरकडे नेऊ शकत असे. ६० किलोमीटर नेलेला माल परत आणणे परवडत नाही. प्रतीविषयी मतभेद झाल्यास नमुना कॅनडाच्या धान्य आयोगाकडे पाठवून निर्णय मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे; पण जवळच दुसरा खरेदीदार असण्याची सोय त्याने भरून येत नाही.

दुसरी बाजू

नव्या एलिव्हेटरांचे फायदेही नमूद केले पाहिजेत. मोठा ट्रक तेथे काही मिनिटांत रिकामा होतो. धान्य स्वच्छ करण्याची व वाळविण्याची सोय चांगली असते. दूरचा माल ओढण्यासाठी काही कंपन्या वाहतुकीबद्दल अधिक रक्कम देतात. जुने लाकडी एलिव्हेटर आगीला सहज बळी पडत. सर्व जुने एलिव्हेटर जसेच्या तसे चालू ठेवणे शक्य नव्हते, हे मान्य करावे लागते. प्रश्न एवढाच होता, की कोणता मार्ग ठेवावा, कोणता सोडावा व नवा एलिव्हेटर कोठे बांधावा, हे ठरविताना शेतकऱ्याचे अंतर कोणी मोजले काय? न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९७७ च्या अहवालापूर्वी गावोगाव फिरून लोकांचे म्हणणे ऐकले होते. परंतु पुढील काळात निर्णयाची सूत्रे मुख्यतः रेल्वे व कंपन्या यांच्याच हाती राहिली.

शेतकऱ्यांनी काढलेले मार्ग

काही ठिकाणी शेतकऱ्यांनी वेळीच पुढाकार घेतला. सस्कॅचेवानमधील वेबर्न येथे त्यांनी भागभांडवल जमवून स्वतःचा मोठा एलिव्हेटर उभारला व तो १९७६ साली सुरू झाला. अल्बर्टात कॅमरोज ते अलायन्स हा शाखामार्ग रेल्वेने सोडून दिला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून २०१० मध्ये तो मार्गच विकत घेतला. तेथे स्वतः वाघिणी भरण्याचा जुना कायदेशीर हक्क पुन्हा उपयोगी पडला. अनेकांनी शेतावरच पोलादी कोठ्या उभारल्या, जेणेकरून सुगीच्या गर्दीत माल काढण्याची सक्ती राहू नये.

या शेतावरील साठ्याचे महत्त्व २०१३-१४ च्या हिवाळ्यात विशेष दिसून आले. त्या वर्षी विक्रमी पीक आले, परंतु वाघिणी मिळेनात. एलिव्हेटर भरून गेले व शेतकऱ्यांचा गहू शेतावरच अडकला. मार्च २०१४ मध्ये दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांनी प्रत्येकी दर आठवड्यास किमान पाच लाख टन धान्य हलवावे, असा आदेश सरकारला काढावा लागला. ज्यांच्याजवळ साठवणीची पक्की सोय होती, त्यांचा माल निदान सुरक्षित राहिला.

संस्था स्थापन केली म्हणजे कार्य संपले, असेही नाही. सस्कॅचेवान व्हीट पूलचे भाग १९९६ मध्ये शेअरबाजारात आले, २००७ मध्ये तिचे व्हिटेरा असे नामांतर झाले आणि २०१२ मध्ये ती एका परदेशी कंपनीच्या मालकीची झाली. वेबर्नचा एलिव्हेटरही २०१४ मध्ये खाजगी कंपनीने विकत घेतला. भांडवलाची गरज वाढते तेव्हा मालकी टिकविणे ही स्वतंत्र कसोटी असते.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे शेती लहान आहे व माल बहुधा पोत्यांतून जातो. तथापि प्रश्नाचे मूळ एकच आहे. विदर्भात कापसाच्या वाहतुकीसाठी घातलेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद लोहमार्गावरील गाड्या बंद झाल्या, हे उदाहरण आपल्यासमोर आहेच. बाजारसमितीचे आवार, उपबाजार, खरेदी केंद्र अथवा गोदाम कोठे असावे, याचा निर्णय होतो तेव्हाच शेतकऱ्याचा भाव काही अंशी ठरून जातो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हिताचे आहे. एक, भाव पाहताना आवारातील भाव न पाहता, त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई व फुकट गेलेल्या दिवसाची मजुरी वजा करून खळ्यावर पडणारा भाव काढावा. दोन, थोडा माल असणाऱ्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकच मोठे वाहन लावावे; वरील उदाहरणातील १० टनांचा व ४० टनांचा फरक येथेही लागू पडतो. तीन, माल वाळवून, स्वच्छ करून साठविण्याची सोय घरी अथवा सहकारी गोदामात करावी. मान्यताप्राप्त वखारीच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय असल्याने तातडीने विक्री करण्याची गरज कमी होते. चार, आवार किंवा गोदाम हलविण्याची, बंद करण्याची वा नवे बांधण्याची चर्चा सुरू होताच ग्रामसभेत व बाजारसमितीत अंतराचा व खेपांचा हिशेब आकड्यांनिशी मांडावा.

एकदा रूळ उखडले आणि कोठार पाडले, की ते पुन्हा बांधणे जवळजवळ अशक्य असते. कॅनडातील शेतकऱ्यांपैकी ज्यांनी हा हिशेब आधी मांडला, त्यांच्या हाती काहीतरी राहिले. हिशेब मांडण्याची वेळ निर्णयापूर्वीची असते, हे विसरून चालणार नाही.