भुकेचे मौन

ज्या करवीरनगरीत पाहुण्याची वाटी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने पुनःपुन्हा भरणे हाच आदरसत्काराचा पहिला नियम, तेथे ‘पुरे’ हा शब्द एका सुईने शिकवावा, हे नवलच म्हटले पाहिजे. २०२५ साली मार्चमध्ये ‘मौंजारो’ व जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे भारतात विक्रीस आली. ती घेणारे सांगतात की, चार घासांत पोट भरते आणि मनात अखंड चाललेला खाण्याचा जप अकस्मात थांबतो. यात गूढ काही नाही. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल ही औषधे करतात. जठर सावकाश रिते होते व मेंदूस तृप्तीचा निरोप पोहोचतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. ज्यांना ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून आपण हिणवीत आलो, त्यांचा दोष शीलाचा नव्हता. पुष्कळ अंशी तो शरीरधर्म होता.

परंतु हे औषध म्हणजे निर्भेळ वरदान नव्हे. मळमळ, वांती, बद्धकोष्ठ हे त्याचे सोबती. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि खासबागेच्या गावास स्नायूंचे मोल सांगावयास नको. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. तेव्हा लग्नसराईपुरते सडपातळ होण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ही सुई घेणे हा शुद्ध अविचार होय. जो सल्ल्याने घेत असेल, त्याच्या पानात मात्र आग्रहाने वाढू नये. ‘पुरे’ म्हणताच हात आवरणे हाही कोल्हापुरी पाहुणचारच ठरावा, असे आम्हांस वाटते.