इंग्रजीचे शिक्षण आणि इंग्रजीतून शिक्षण

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणाच्या चर्चेत इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिल्या बाबतीत इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. दुसऱ्या बाबतीत ती शिक्षणाचे माध्यम बनते, म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास हे सारे विषय मुलाला त्याच भाषेतून समजून घ्यावे लागतात.

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद जुना आहे. मुंबई इलाख्यातील शिक्षणाची व्यवस्था पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये १८४०च्या दशकात अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तर जगन्नाथ शंकरशेठ यांनी सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते देशी भाषांतूनच द्यावे लागेल, अशी भूमिका घेतली. विशेष म्हणजे शंकरशेठ इंग्रजी शिक्षणाचे विरोधक नव्हते. मुंबईत ते शिक्षण रुजवणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जाऊ लागला आणि पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून, तर उरलेले विषय मराठीतून शिकवणारी ‘सेमी-इंग्रजी’ पद्धत पसरली. तरीही पालकांचा ओढा संपूर्ण इंग्रजी माध्यमाकडेच राहिला. वैद्यक, अभियांत्रिकी, उच्च न्यायालयातील वकिली आणि बऱ्या पगाराच्या नोकऱ्या यांची भाषा इंग्रजी असताना या पालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

मात्र माध्यम बदलल्याने भाषा आपोआप येत नाही. कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी रोजच्या संभाषणाची भाषा आणि अमूर्त विचारासाठी लागणारी अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरित मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत अवगत होते, पण दुसरीसाठी पाच वा त्याहून अधिक वर्षे लागतात, असे त्यांनी मांडले. ती मुले तर इंग्रजीच्याच वातावरणात वाढत होती. ज्या मुलाच्या कानावर इंग्रजी केवळ वर्गातच पडते, त्याच्यापुढची अडचण याहून मोठी असते, आणि अशा वेळी आकलनाची जागा पाठांतर घेते.

हाच न्याय मराठीलाही लागू होतो. गडचिरोलीतील गोंडी वा मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीसुद्धा शाळेत भेटणारी परकी भाषा असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची अपेक्षा राज्यांकडून केली आहे. म्हणून मराठीसाठी झगडणाऱ्या समाजाने गोंडी, कोरकू, भिली, वारली यांचाही पक्ष घ्यायला हवा.

प्रारंभीचे शिक्षण घरच्या भाषेतून, त्याच्या जोडीला प्रशिक्षित शिक्षकांकडून उत्तम इंग्रजी, आणि उच्च शिक्षणात व प्रशासनात स्थानिक भाषांना खरे स्थान, या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या पाहिजेत. कारण मराठी शाळेतून चांगले इंग्रजी मिळेल अशी खात्री झाल्याखेरीज केवळ भाषाप्रेमाच्या आवाहनाने पालक तिकडे वळणार नाहीत.